उधाणातले रविवार

फुटबॉलला मी आयुष्यात एकदाही पाय लावलेला नाही. एकदा तो मैदानाच्या कडेला माझ्याकडे घरंगळत आला, तेव्हा मी वाकून दोन्ही हातांनी उचलून दिला आणि मैदानावरच्या बावीसच्या बावीस मुली हसल्या. तरीही आमच्या उपनगरांतल्या आठ कॉलेजांची मुलींची जी फुटबॉल लीग आहे, तिचं वेळापत्रक मी करते. मी मुलुंडच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, एवढीच माझी पात्रता.

हे काम माझ्या गळ्यात पडलं ते माझ्याच तोंडामुळे. आधी वेळापत्रक आमचे क्रीडाशिक्षक करायचे. माणूस देवासारखा, पण कागदाशी वैर. एका वर्षी घाटकोपरच्या मुलींना आठ दिवसांत तीन मॅच आल्या आणि आमच्या मुली महिनाभर नुसत्या सराव करत बसल्या. बोरिवलीच्या टीमला दर वेळी सकाळी आठची मॅच. त्या पोरी पहाटे साडेपाचला घर सोडून, दोन बस बदलून कांजूरमार्गच्या मैदानावर यायच्या आणि पहिल्या पंधरा मिनिटांत दोन गोल खाऊन जाग्या व्हायच्या. मी स्टाफरूममध्ये म्हटलं, "सर, हे काय वेळापत्रक आहे? ह्यापेक्षा चिठ्ठ्या उडवल्या असत्या तरी बरं झालं असतं." सर शांतपणे चहा संपवून म्हणाले, "मग पुढच्या वर्षी तुम्हीच करा मॅडम." आमच्याकडे जो नाक खुपसतो, काम त्याच्याच नावावर लागतं.

मला राग आला होता, पण खरं सांगायचं तर आतून आनंदही झाला होता. मी महिनाभर त्या कागदावर बसले. आठ टीमचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले, चार-चारचे. प्रत्येक टीमने आपल्या गटातल्या तिघींशी दोन-दोनदा खेळायचं, म्हणजे प्रत्येकीच्या सहा मॅच. त्या वर्षी मैदान मिळणार होतं फक्त रविवारी दुपारी, म्हणून एका रविवारी पहिला गट, पुढच्या रविवारी दुसरा. सगळ्यांना दोन मॅचमध्ये बरोबर चौदा दिवसांची विश्रांती. लांबच्या टीमना अडीचची वेळ, जवळच्यांना सव्वाचारची, म्हणजे बोरिवली-अंधेरीच्या मुली अंधार पडायच्या आत घरी. डिसेंबरात सुरू, फेब्रुवारीच्या शेवटी बंद, परीक्षांना धक्का नाही. पहिल्या गटाला लाल रंग, दुसऱ्याला निळा. कुणाला एक दिवस जास्त नाही, कुणाला एक दिवस कमी नाही. तो कागद मी घरी फ्रीजवर लावला होता. नवऱ्याने विचारलं, "ह्याची आता पूजा करायची का?" मी त्याला दोन दिवस नीट उत्तर दिलं नाही.

वेळापत्रक ग्रुपवर टाकल्यावर सगळ्यांनी अंगठे दाखवले. फक्त अंधेरीच्या टीमच्या कॅप्टनने लिहिलं, "मॅडम, आमचा गट बदलून मिळेल का? निळा चालेल." मी उत्तर दिलं, "ड्रॉ झालेला आहे. बदल होणार नाही." आणि खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं. का बदलून हवाय, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, लाल गटातल्या टीम जड आहेत म्हणून पोरगी पळवाट शोधतेय.

पहिल्याच रविवारी अंधेरीच्या टीममधून सहा मुली आल्या. फुटबॉलमध्ये निदान सात जणी उभ्या राहिल्या तरच मॅच होते. पंधरा मिनिटं वाट पाहून पंचांनी शिट्टी वाजवली आणि समोरच्या टीमला न खेळता जिंकलेलं ठरवलं. त्या सहा जणी बूट न काढता पायऱ्यांवर बसून राहिल्या होत्या. कॅप्टन आलीच नव्हती. मी त्याच संध्याकाळी त्यांच्या कॉलेजला कडक पत्र लिहिलं, त्यात 'बेशिस्त' हा शब्द दोनदा होता. नियमाची आठवणही करून दिली: दुसऱ्यांदा मॅच सोडली तर टीम लीगमधून बाद. त्यांची पुढची मॅच चौदा दिवसांनी, आमच्याच कॉलेजशी होती.

मंगळवारी दुपारी ती कॅप्टन स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. अंधेरीहून मुलुंडला, दोन बस बदलून. उंच, काटक, शेवटच्या वर्षाची मुलगी. हातात माझं पत्र.

"मॅडम, बेशिस्त नाही हो आम्ही. तुम्ही आमच्या सगळ्या मॅच उधाणात टाकल्यात."

"कशात?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मला हे माहीतच नाही, हे तिच्या हळूहळू लक्षात आलं, आणि मग लहान मुलाला सांगावं तसं तिने मला सांगितलं. तिच्या टीममध्ये तेरा मुली, त्यातल्या सात अंधेरी पश्चिमेच्या कोळीवाड्यातल्या. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास समुद्राला उधाण असतं, पाण्याला जोराची ओढ असते. त्यांची जाळी पाण्याच्या त्या ओढीवरच भरतात. त्या दिवसांत होड्या भरून येतात आणि बोंबील, जवळा सगळा त्याच दिवशी निवडून उन्हात घालावा लागतो, नाहीतर फुकट जातो. घरातल्या झाडून सगळ्या बायका-पोरी धक्क्यावर. अष्टमी-नवमीला पाणी मंदावतं. त्याला भांग म्हणतात. तेव्हा होड्या बांधलेल्या, सगळे मोकळे.

"निळ्या गटाचे सगळे रविवार भांगातले आहेत, मॅडम. आमचे सगळे उधाणातले. एक-दोन असते ना, तर आम्ही कसंही मॅनेज केलं असतं. सहाच्या सहा कसं करणार?"

मी म्हटलं, "सगळ्याच्या सगळ्या कशा असतील? योगायोगाने एखादी असेल." मला अजूनही माझ्या कागदाचा अभिमान होता.

ती भांडली नाही. पत्राची घडी घालून पिशवीत ठेवत म्हणाली, "माझी शेवटची लीग आहे ही. जूनपासून मी आईबरोबर बाजारात बसणार. तीन वर्षं खेळले, पण कॅप्टन ह्याच वर्षी झाले. बाद झालो तर एकही मॅच न खेळलेली कॅप्टन होईन मी. बघा ना जमलं तर."

घरी आल्यावर मी फ्रीजवरचा कागद काढला आणि भिंतीवरचं कॅलेंडर शेजारी धरलं. त्याच कॅलेंडरात बघून मी रविवार मोजले होते, फक्त तारखेखालच्या बारीक अक्षरांकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. संकष्टी आणि एकादशी सोडल्या तर तिथी म्हणजे आमच्या घरात छापलेली शाई. आता एकेक लाल रविवार बघत गेले. तृतीया. द्वितीया. प्रतिपदा. पुन्हा प्रतिपदा. पौर्णिमा. चतुर्दशी. सहाच्या सहा. निळे रविवार पाहिले तर सगळे दशमी ते षष्ठी.

मी तिथेच स्टुलावर बसले. चंद्राचा पंधरवडा साधारण पावणेपंधरा दिवसांचा, माझा चौदा दिवसांचा. दोघं जवळजवळ एकाच चालीने चालत होते. जो गट उधाणात सुरू झाला, तो लीग संपेपर्यंत उधाणातच राहणार होता. ही गोष्ट मी दर वर्षी पोरांना फळ्यावर शिकवते, की एका लयीने येणाऱ्या गोष्टीची नोंद त्याच लयीने घेतलीत तर तुम्हाला तिची एकच बाजू दिसेल. पेपरात त्यावर प्रश्नही घालते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की नवऱ्याने जेवायला हाक मारली तरी मी कॅलेंडर सोडलं नाही. ह्या वेळी त्याने वाढून ताट तिथेच आणून ठेवलं.

शनिवारी मी त्यांच्या कोळीवाड्यात गेले. कॅलेंडरवर नवमी होती आणि खरंच, होड्या ओळीने बांधलेल्या होत्या. पुरुष जाळी दुरुस्त करत बसले होते. कॅप्टनची आई ओट्यावर बसून सुके बोंबील निवडत होती. हात थांबवला नाही, नुसता पाट पुढे सरकवला.

मी सगळं सांगितलं. चुकलं, हेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाय, ह्यो कागद करताना तू कुनाला इचारलंस?"

"कुणालाच नाही."

"तुज्या घरात लगीन काढताना इचारतेस ना समद्यांना, तुमाला कवा जमंल? मंग ह्ये काय येगळं हाय?"

मी कागद पुढे केला आणि म्हटलं की सगळ्या लाल मॅच एक आठवडा पुढे ढकलल्या तर? तिने माझा कागद घेतलाच नाही. बोटांची पेरं अंगठ्याने मोजत ती म्हणाली, "आजपून पंदरा दिसांनी जो आयतवार हाय ना, तो नवमीचा. तितून सुरू कर. पन ध्यानात ठेव, दर येळी तिथ जराशी मागं सरतंय. नवमी, अष्टमी, सप्तमी अशी जाईल. शेवटची तुजी षष्टीला येल, तवा पानी आजून वढतच असंल. तेवडी एक आमी बगू. पोरींना धाडतंव आमी, म्हाताऱ्या निवडू."

हीच आकडेमोड मी आदल्या रात्री कॅल्क्युलेटर घेऊन केली होती आणि शेवटच्या ओळीला पोचायला मला अर्धा तास लागला होता. शिवाय 'तेवढी एक आम्ही बघू' हे कुठल्याही कॅल्क्युलेटरने मला सांगितलं नसतं. निघताना तिने वर्तमानपत्रात बांधून जवळा दिला. नको म्हणायची सोय नव्हती. परतीच्या बसमध्ये पवईपर्यंत माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली, आणि मी पाय पसरून आरामात आले.

आता प्रश्न होता तो वेळापत्रक बदलण्याचा. क्रीडाशिक्षक म्हणाले, "मॅडम, तुम्हीच लिहिलंय ना, बदल होणार नाही? आता एका टीमने मागितलं म्हणून बदललं तर उद्या सातजणी रांगेत." मी त्यांना कॅलेंडर दाखवलं. त्यांनी एकेका लाल रविवारवर बोट ठेवून खालची तिथी वाचली. मग म्हणाले, "निळ्या गटाने लागोपाठ दोन रविवार खेळायचं एवढंच आहे, त्यांना मी पटवतो. पण लालची पुढची मॅच आपल्या मुलींची आहे. अंधेरी आली नाही तर आपल्याला न खेळता तीन पॉइंट मिळतात. ते सोडायला आपल्या मुली तयार असतील, तरच पुढचं बोलू. नाहीतर विषय संपला."

हे मला आधी सुचलंच नव्हतं. माझ्याच कॉलेजचा फायदा मी माझ्या हाताने काढून घेणार होते. त्या वर्षी आमच्या मुली पहिल्यांदाच फायनलला जायच्या गोष्टी करत होत्या.

सोमवारी सरावानंतर मी त्यांना गोल करून बसवलं. सगळं सांगितलं, चूक माझी आहे हेही. मग आमच्या कॅप्टनने बुटाची नाडी सोडवत विचारलं, "मॅडम, तुम्ही आपल्या कॉलेजच्या आहात ना?"

तो प्रश्न मला लागला. वीस वर्षं मी ह्याच कॉलेजात आहे. मी म्हटलं, "आहे गं. म्हणून तर तुमच्याकडे आलेय. तुम्ही नाही म्हणालात तर मी परत विचारणार नाही."

"यार, फायनल जाईल आपली," कुणीतरी मागून म्हणालं.

"नाही पण त्यांना माहीत होतं ना आधी, तर सांगायचं ना तेव्हाच," दुसरी म्हणाली.

"गट बदलून मागितला होता त्यांनी," मी म्हटलं. "ग्रुपवर. मी ऐकलं नाही."

आमची गोलकीपर घाटकोपरच्या चाळीत राहणारी, तोंडाने फटकळ मुलगी. ती म्हणाली, "ए, मला सांगा, समोर कुणी येणारच नाही आणि मी गोलमध्ये एकटी उभी राहून जिंकणार? घरी काय सांगू, आज झकास अडवले म्हणून? काय अडवलं, वारा?" काही जणी हसल्या. ती पुढे म्हणाली, "खेळू या ना. हरलो तर मॅडमची वाट लावू."

दोन दिवस त्यांच्यात धुसफूस चालली होती, हे मला कळत होतं. बुधवारी कॅप्टनने माझ्या टेबलावर कागद ठेवला. सगळ्यांच्या सह्या होत्या. ती गेल्यावर मी तो कागद दोनदा वाचला. आजही तो माझ्या कपाटात आहे. आयुष्यात मला कुणी इतकं मोठं काही दिलं असेल असं मला वाटत नाही, आणि देणाऱ्या मुलींनी ते तोंड वाकडं करून दिलं, ह्याचीही मला गंमत वाटते.

नवमीच्या रविवारी अंधेरीच्या तेराच्या तेरा मुली आल्या. त्यांच्या मागून पाच बायका आल्या, डोक्यावर ऊन नको म्हणून पदर घेतलेल्या, आणि मैदानाच्या कडेला बदामाच्या झाडाखाली बसल्या. कॅप्टनची आई त्यांत होती. बाजार दुपारी एकला आटोपून, कपडे बदलून ती आली होती. मला बघून तिने हाताने जवळ बोलावलं.

"बाय, ह्या समद्या येकसारक्याच दिसतात. माजी कंची?"

मी दाखवली. "ती नऊ नंबरची. मधोमध आहे ती."

"ती?" ती पुढे झुकली. "ती येवडी धावतंय?"

त्यानंतर तिची नजर मैदानावरून हललीच नाही. नियम तिला माहीत नव्हते. चेंडू मैदानाबाहेर गेला तरी ती टाळ्या वाजवत होती, आमच्या मुलीने हिसकावून घेतला तरी वाजवत होती. दुसऱ्या अर्ध्यात तिच्या मुलीने लांबून मारलेला फटका आमच्या गोलकीपरच्या बोटांना लागून जाळ्यात गेला. पाचही बायका उठून उभ्या राहिल्या. सामना तेवढ्याच एका गोलवर संपला. आम्ही हरलो. आमच्या मुली आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलल्या, आणि शेवटी फायनल त्यांना त्याच तीन पॉइंटांनी हुकली. कोणीही मला त्याबद्दल टोमणा मारला नाही. गोलकीपरने एकदा मारला, पण तो तिचा हक्कच होता.

तेव्हापासून वेळापत्रक करायची माझी पद्धत बदलली. आता मी आधी कागद घेत नाही, आधी फोन घेते. प्रत्येक टीमला एकच विचारते, तुमच्यात कुणाला कधी जमत नाही? आरेच्या पाड्यावरच्या एका मुलीने सांगितलं की जंगलातल्या रस्त्याची संध्याकाळची बस चुकली तर तिला अंधारात चालत जावं लागतं, म्हणून तिची टीम आता सव्वाचारला खेळत नाही. एकीच्या घरी तबेला आहे, तिला दुपारच्या धारा. हे सगळं घातलं की कागद वाकडातिकडा होतो. कुणाला दहा दिवस विश्रांती मिळते, कुणाला अठरा. तो मी फ्रीजवर लावत नाही. पण आता सगळ्या मुली येतात. सगळ्यांना सारखं वाटून देणं मला आधीपासून येत होतं. प्रत्येकीला विचारणं मला त्या बाईने ओट्यावर बसल्या बसल्या, बोंबील निवडता निवडता शिकवलं. तिचे उपकार मी विसरणार नाही.

पण त्या रविवारचं एक सांगायचं राहिलं. मॅच संपली, मुली पाणी प्यायला कडेला आल्या. कॅप्टन घामाने निथळत आईसमोर येऊन उभी राहिली. आईने पदराने तिचा चेहरा पुसला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "किती वर्सं खेळतंय ही?"

"तीन," मी म्हटलं.

"तीन वर्सं," ती मुलीकडे बघत म्हणाली. "आन मी आज बगितली."

मुलगी म्हणाली, "आये, अजून चार आहेत."

आईने मान हलवली. तिने माझ्याकडे कॅलेंडर मागितलं नाही. अंगठा पेरांवर फिरवत ती चारही तिथी मोजत होती.